आकडे पळताहेत, आवाज तेवढा नाहीये

घरच्या इंटरनेट रेडिओवरचं माझं पहिलं थेट प्रक्षेपण सत्तावीस मिनिटं चाललं आणि त्यातला एक शब्दही कुणाला ऐकू गेला नाही. मी मात्र रंगात येऊन वाचत होते. समोर कागद, डाव्या हाताला माइक आणि पडद्याच्या कोपऱ्यात एका छोट्या खिडकीत सेकंद पुढे सरकत होते. सेकंद सरकताहेत म्हणजे सगळं ठीक चाललंय, अशी माझी समजूत. फोन शहाण्यासारखा दुसऱ्या खोलीत, आवाज बंद करून ठेवलेला. एक प्रकरण संपलं म्हणून पाणी प्यायला उठले, जाता जाता फोन पाहिला तर आत्याचे सहा मिस्ड कॉल.

"अगं, तू वाचतेयस ना?"

"केव्हापासून! तुझ्याकडे लागला नाही का रेडिओ?"

"लागलाय की. आकडे पळताहेत. आवाज तेवढा नाहीये."

चूक माझीच होती. यूएसबी माइक मी सॉफ्टवेअर उघडल्यानंतर जोडला. यादीत तो दिसेना, म्हणून 'डिफॉल्ट' असं लिहिलेलं होतं तेच राहू दिलं. डिफॉल्ट म्हणजे लॅपटॉपचं लाइन-इन, आणि त्यात काहीच खोचलेलं नव्हतं. कॉम्प्युटरनं ती रिकामी खोबण अत्यंत इमानदारीनं जगाला ऐकवली.

त्या रात्रीपासून घरून रेडिओ चालवायच्या प्रत्येक साधनाला मी एकच प्रश्न विचारते. 'जोडणी चालू आहे' आणि 'ऐकू येतंय' यांतला फरक याला कळतो का? आता आठ महिने झाले. दर शनिवारी रात्री एक तास वाचन, मध्ये मध्ये भावानं घरीच रेकॉर्ड केलेलं व्हायोलिन. श्रोते आठ-दहा, एकदा चौदा झाले होते. एवढ्याशा पसाऱ्यासाठी मी पाच सॉफ्टवेअरं लावून पाहिली. त्यांतली दोन टिकली. त्याचाच हा हिशेब.

सुरुवात त्या छोट्या खिडकीपासूनच करते. तिचं नाव बट. केसांची नव्हे, 'ब्रॉडकास्ट यूझिंग धिस टूल' या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांची. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. काम एकच: साउंडकार्डातून जो आवाज येईल तो एमपी३, ओग किंवा ओपसमध्ये गुंडाळायचा आणि सर्व्हरकडे ढकलायचा. गाणी वाजवत नाही, यादी बनवत नाही, गाणी लावायचे दोन डेक दाखवत नाही. सुरू, बंद, रेकॉर्ड अशी तीन बटणं. मला हा कोरडेपणा आवडला. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (त्याच्या दाराचा क्रमांक), पासवर्ड आणि माउंटपॉइंट, म्हणजे तुमच्या स्टेशनचं त्या सर्व्हरवरचं नाव, एवढं भरलं की झालं. दहा मिनिटांत प्रक्षेपण सुरू होतं. अर्थात माझ्यासारखं रिकाम्या खोबणीचंही होतं.

आवाजाच्या पातळीची पट्टी त्या खिडकीत असते. ती त्या रात्री निपचित पडली होती, पण मी कागदाकडे बघत होते. माझं लक्ष जायचं ते आकड्यांकडे. किती वेळ झाला, किती डेटा गेला. आणि डेटा तर जातच होता! याचं कारण मला नंतर उमगलं. १२८ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटची, स्थिर बिटरेटची एमपी३ स्ट्रीम दर सेकंदाला १६ किलोबाइट पाठवते, कारण आठ बिटांचा एक बाइट. तुम्ही वाचा, गा, नाहीतर गप्प बसा, तिला सोळा म्हणजे सोळाच. शांततेलाही तेवढंच माप. सत्तावीस मिनिटांचे १,६२० सेकंद, म्हणजे जवळपास २६ एमबी नुसती शांतता मी वर चढवली होती. आकडा वाढतोय म्हणजे आवाज जातोय, हा माझा तर्क मुळातच गळका होता.

मधला सर्व्हर म्हणजे आइसकास्ट. हे 'झिफ डॉट ऑर्ग' या संस्थेचं काम, ओग व्होर्बिस आणि फ्लॅक हे आवाजाचे फॉरमॅट सांभाळणाऱ्यांचंच. रचना समजायला सोपी आहे. घरचं बट एकच स्ट्रीम आइसकास्टला देतं आणि आइसकास्ट ती ऐकणाऱ्या प्रत्येकाला वेगळी वाढतो. आकाशवाणीच्या मनोऱ्यासारखं एकदा सोडलं की हवं तेवढ्यांनी झेलावं, असं इंटरनेटवर होत नाही. वीस श्रोते असतील तर वीस वेगळ्या धारा. १२८ केबीपीएसच्या वीस धारा म्हणजे साधारण अडीच एमबीपीएस अपलोड, आणि तेही सलग, तासभर. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक डाउनलोडचा असतो. घरून रेडिओ काढणाऱ्यानं अपलोडचा बघावा.

आइसकास्टची सगळी मांडणी एका एक्सएमएल फाइलमध्ये असते. ती उघडली की पहिल्यांदा पोटात गोळा येतो, पण तिच्यातल्या सूचना माणसानं माणसासाठी लिहिल्यासारख्या आहेत. पासवर्डच्या जागी मूळ फाइलमध्ये काय असतं माहीत आहे? 'हॅकमी'. मला फोडा! एवढं स्पष्ट लिहूनही लोक तो तसाच ठेवतात म्हणे. सोर्सचा, म्हणजे आवाज पाठवणाऱ्या बटचा, आणि अ‍ॅडमिनचा, दोन्ही पासवर्ड बदला, आणि वेगवेगळे ठेवा. पोर्ट ८०००. कमाल श्रोते १०० असं त्यात आधीच लिहिलेलं असतं. मला त्या आकड्याला हात लावायची वेळ आलेली नाही, येईल असंही वाटत नाही.

त्याच फाइलमध्ये 'बर्स्ट साइज' नावाची एक ओळ आहे, ६५,५३५ बाइट. ही ओळ समजली आणि आत्याशी होणारे माझे निम्मे वाद मिटले. नवा श्रोता आला की आइसकास्ट त्याला आधीचा एवढा साठा एकदम देऊन टाकतो, म्हणजे त्याच्याकडे आवाज चटकन सुरू होतो आणि नेट जरा अडखळलं तरी तुटत नाही. पण तो साठा म्हणजेच उशीर. १२८ केबीपीएसला ६४ केबी म्हणजे चार सेकंद. वाचनच तर आहे, म्हणून मी मध्यंतरी काटकसर करून ३२ केबीपीएसवर उतरले, तेव्हा तेवढ्याच साठ्याचे सोळा सेकंद झाले! त्यावर प्लेअर आपला स्वतःचा साठा धरून बसतो तो निराळा. मी फोनवर म्हणायचे, "आत्या, आता येतंय का?" आणि ती म्हणायची, "नाही." मग मी तारा उपसायला लागायचे आणि तेवढ्यात तिच्या खोलीतून माझाच आवाज फोनवर यायचा, "आत्या, आता येतंय का?" बिटरेट कमी केला तर बर्स्टही त्याच प्रमाणात कमी करावा. आणि काहीही बदललं की बोटं मोडत अर्धा मिनिट गप्प बसावं, मग निदान करावं.

घरच्या कॉम्प्युटरवरच आइसकास्ट चालवायचा माझा हट्ट होता. सगळं आपल्या टेबलावर हवं, दुसऱ्याचं मिंधेपण नको. त्या हट्टापायी तीन संध्याकाळी गेल्या. राउटरमध्ये ८००० पोर्ट घरच्या कॉम्प्युटरकडे वळवलं, फायरवॉलमध्ये वाट करून दिली, घरात बसून सगळं छान ऐकू येई. बाहेरून मात्र ढिम्म. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला फोन केला. तिकडचा मुलगा नम्रपणे विचारत राहिला, "मॅडम, नेट चालू आहे ना?" नेट चालूच होतं हो! शेवटी राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहिला. तो १०० नं सुरू होत होता आणि दुसरा आकडा चौसष्टच्या पुढचा. हा १००.६४ ते १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ साली खास अशा कंपन्यांसाठी राखून ठेवला गेला. एकच खरा पत्ता अनेक घरांत वाटून द्यायचा आणि प्रत्येक घराला आतला, खोटा पत्ता द्यायचा. म्हणजे माझ्या दाराला मी कितीही खिडक्या पाडल्या, तरी सोसायटीचं फाटकच बंद होतं. तुमच्या राउटरवरचा पत्ता आणि बाहेरच्या एखाद्या साइटनं दाखवलेला तुमचा पत्ता, हे दोन जुळत नसतील तर पोर्ट वळवण्यात एक मिनिटही घालवू नका. मी तीन संध्याकाळी घालवल्यात, त्या तुमच्याही वाटच्या समजा.

यावर कंपनीकडून स्वतंत्र पत्ता मागता येतो, किंवा आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, असेल तर त्यावरून वाट काढता येते. पण मग ऐकणाऱ्याकडेही ते हवं. मी एक छोटा दूरचा सर्व्हर भाड्यानं घेतला आणि आइसकास्ट तिथं ठेवला. हट्ट सोडल्याचा पश्चात्ताप अजिबात नाही. आता घरातून एकच धार वर जाते, श्रोते चार असोत की चौदा. आणि घरचं नेट गेलं तरी सर्व्हर उभा असतो, ही खरी कमाई, कारण मग फॉलबॅक वापरता येतो.

फॉलबॅक हा आइसकास्टचा सगळ्यात गुणी भाग आहे आणि नवखे लोक तिकडे फिरकतच नाहीत. सोर्स तुटला की श्रोत्यांना हाकलून न देता दुसऱ्या माउंटपॉइंटवर नेऊन बसवायचं. तो दुसरा माउंटपॉइंट म्हणजे सर्व्हरवर ठेवलेली एक फाइलसुद्धा चालते. मी तिथं भावाचा एक संथ तुकडा ठेवलाय. अट एवढीच की तो मूळ स्ट्रीमच्याच प्रकारचा हवा, एमपी३ला एमपी३. मी बिटरेट आणि सॅम्पलरेटही जुळवून ठेवलाय, कारण मधेच चाल बदलली की काही प्लेअर रुसतात. 'फॉलबॅक ओव्हरराइड' चालू ठेवलं तर सोर्स परत आल्यावर श्रोते आपोआप मूळ जागी येतात.

याची परीक्षा मी सरळ केबल उपटून घेतली. चालू वाचनात, आत्याला आधी सांगून. पहिले काही सेकंद तिला माझंच वाचन येत राहिलं, तिच्या प्लेअरच्या साठ्यातलं. मग थोडी शांतता, मग व्हायोलिन. आइसकास्ट सोर्सची वाट दहा सेकंद बघतो, मग तो गेला असं मानतो. मी घाईनं केबल परत लावली, बटनं लगेच जोडणीचा प्रयत्न केला आणि सर्व्हरनं त्याला दारातूनच परत पाठवलं: माउंटपॉइंट वापरात आहे. कोण वापरतंय? मीच! जुनी, मेलेली जोडणी सर्व्हरच्या वहीत अजून जिवंत होती. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी पासवर्ड तीनदा बदलला होता. दहा सेकंद थांबायचं होतं फक्त. बटमध्ये तुटल्यावर आपणहून पुन्हा जोडायची सोय आहे, ती चालू ठेवा आणि हात मांडीवर ठेवून बसा.

तर जोडणी तुटली, त्यावर उपाय झाला. माझं दुखणं मात्र वेगळंच होतं. जोडणी न तुटता शांतता गेली तर? आइसकास्टला त्याचं काही नाही. तो बाइट मोजतो, कान देत नाही. त्याच्याकडून ती अपेक्षा करणंही बरोबर नाही म्हणा; पोस्टमननं पत्र वाचू नये हेच चांगलं.

म्हणून मी मिक्सकडे गेले. मिक्स हे डीजे लोकांचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. दोन डेक, लाटांचे आलेख, वेग जुळवायची बटणं. उघडल्यावर विमानाच्या कॉकपिटमध्ये चुकून शिरल्यासारखं वाटतं. आतून आइसकास्टला थेट जोडता येतं, माइक लावता येतो, आणि एक फार गोड सोय आहे: माइकवर बोलायला लागलं की मागचं संगीत आपोआप खाली बसतं, थांबलं की पुन्हा वर येतं. शिवाय सगळ्या रेकॉर्डिंगची पातळी मोजून ती एका रेषेत आणतं. हे मला फार हवं होतं, कारण भावाची रेकॉर्डिंग काही कुजबुजणारी, काही अंगावर येणारी, आणि "तुझ्या आवाजाला वाढवावं तर व्हायोलिन कानात घुसतं" ही आत्याची जुनी तक्रार. रेकॉर्डिंगपुरती ती मिटली. पण ते मोजमाप फाइलींचं. माझा माइक त्या हिशेबात नसतो, तो हातानंच सांभाळायचा. शिवाय तासात माझी तीन रेकॉर्डिंगं. तेवढ्यासाठी वाचता वाचता माउसनं डेक चालवायचे म्हणजे एका हातानं पोथी आणि दुसऱ्यानं पंखा. ज्यांचा कार्यक्रम मुख्यतः संगीताचा आहे त्यांनी बट सोडून सरळ मिक्स घ्यावं, दुसरं काही बघू नये. मी त्याच्यातून पातळी सारखी होऊन वाजलेली रेकॉर्डिंगं तेवढी पुन्हा रेकॉर्ड करून घेतली आणि निघाले.

इथं एक गोष्ट सांगून टाकते. यांतलं एकही सॉफ्टवेअर तुम्हाला विचारत नाही की हे गाणं वाजवायची परवानगी आहे का. श्रोते दहा आहेत की दहा हजार, यानं फरक पडत नाही. दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण स्ट्रीम करायचं तर हक्क ज्याचे त्याची परवानगी लागते. मी व्हायोलिनवर अडून बसलेय ते केवळ भावावरच्या प्रेमापोटी नाही.

अ‍ॅझुराकास्टही दोन दिवस लावून पाहिलं. आइसकास्ट आणि खाली ज्याबद्दल लिहिणार आहे ते लिक्विडसोप, दोन्ही एका वेबपानामागे बांधून दिलेले. याद्या, वेळापत्रक, वेगवेगळ्या निवेदकांची खाती, सगळं माउसनं. चोवीस तासांचं स्टेशन, चार-पाच निवेदक, असा संसार असेल तर हेच घ्या. आठवड्याच्या एका तासासाठी मला ते एकट्या माणसानं वाडा भाड्यानं घेतल्यासारखं वाटलं.

आणि मग लिक्विडसोप. हे सॉफ्टवेअर म्हणण्यापेक्षा आवाजाची भाषा आहे. खिडकी नाही, बटणं नाहीत. चार ओळी लिहायच्या. हा सोर्स घे, तो नसेल तर तो घे, इतका वेळ शांतता असेल तर दुसरीकडे वळ. होय, शांतता! इथं पहिल्यांदा मला असं काही भेटलं, ज्याच्या शब्दकोशात शांततेला स्वतंत्र शब्द होता. 'ब्लँक' नावाची अख्खी जमात आहे त्यात. किती डेसिबलच्या खाली गेलं की शांतता म्हणायची आणि किती सेकंद चालली की हालचाल करायची, दोन्ही तुमच्या हातात.

पण त्याच्या तोंडी लागणं सोपं नाही. पहिल्याच प्रयत्नात मला म्हणाला, हा सोर्स 'फॉलिबल' आहे, मी सुरूच होणार नाही. म्हणजे याचा भरवसा नाही, हा मधेच दगा देऊ शकतो. बट आणि आइसकास्टनं माझी रिकामी खोबण हसतमुखानं स्वीकारली होती. हा गृहस्थ प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधीच विचारतो की हे बंद पडलं तर मी काय वाजवू? मला एकदम भरून आलं. यावर उपाय म्हणून तो 'एमकेसेफ' नावाची युक्ती देतो, सोर्स सुरक्षित करणारी. मी ती लावली, तो खूश झाला, सुरू झाला. मग ती युक्ती नेमकं काय करते ते वाचलं. सोर्स बंद पडला तर ती त्याच्या जागी शांतता भरते. फिरून पुन्हा तिथंच!

ती काढली आणि शेवटचा आधार म्हणून व्हायोलिनची फाइल दिली. बट लिक्विडसोपला जोडलं, लिक्विडसोप आइसकास्टला. उणे चाळीस डेसिबल, वीस सेकंद. तीन शनिवार सुरेख गेले. चौथ्या शनिवारी एक हळवा उतारा होता, तो मी अगदी दबक्या आवाजात, माइकपासून जरा मागे सरून वाचत होते. अभिनयच म्हणा ना. लिक्विडसोपला तो शांतता वाटला. ऐन मोक्याच्या जागी माझा आवाज काढून घेऊन त्यानं व्हायोलिन लावलं. कार्यक्रमानंतर दोघांनी कळवलं की ती योजना फार परिणामकारक होती. मी खुलासा केला नाही.

दोष सेटिंगचाही नव्हता खरं तर. माझा माइकच फार खाली लावलेला होता. तो वर घेतला, शिखरं उणे सहा डेसिबलच्या आसपास येतील असा, आणि बटमधलाच कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजाचे चढउतार दाबणारा, थोडासा लावला. तो शोधताना बटची सेटिंगं पहिल्यांदाच नीट, एकेक करून वाचली. तिथं काय सापडावं? ठरावीक सेकंद सिग्नल नसेल तर प्रक्षेपण आपोआप थांबवा, सिग्नल आला की सुरू करा. होतं की तिथंच! मी लिक्विडसोपचे धडे गिरवत चार आठवडे घालवले आणि उत्तर पहिल्या दिवसापासून त्या छोट्या खिडकीच्या पोटात होतं. बट थांबलं की आइसकास्टच्या लेखी सोर्स गेला; सोर्स गेला की फॉलबॅक, म्हणजे व्हायोलिन. दोन साध्या गोष्टी एकमेकींच्या हातात हात देऊन उभ्या राहिल्या. लिक्विडसोपला मी मनोभावे नमस्कार केला आणि काढून टाकलं.

त्यामुळे आज माझ्याकडे बट आणि आइसकास्ट एवढंच आहे. बटला पाचपैकी चार. एक कापला तो एवढ्यासाठी की अशी कामाची सोय न वापरता कुणीही थेट प्रक्षेपणात जाऊ शकतं. आइसकास्टला साडेचार. अर्धा कापायचं कारण सुरक्षित जोडणी. ज्या पानावर तुम्ही प्लेअर ठेवता ते आता एचटीटीपीएसवर असतं आणि आइसकास्टची साधी स्ट्रीम एचटीटीपीवर. ब्राउझर त्या दोघांचं लग्न लागू देत नाही. भाच्यानं बनवलेल्या पानावरचं बटण दाबलं की काहीच होत नव्हतं, ना चूक ना सूचना, त्याचं कारण हेच निघालं. त्यानं आइसकास्टच्या पुढ्यात एक वेब सर्व्हर उभा करून ते सोडवलं; मी फक्त मान हलवली.

बारीकसारीक: वायफाय नको, केबल लावा. लॅपटॉपला झोपू देऊ नका. माइकऐवजी कॉम्प्युटरचाच आवाज स्ट्रीम करत असाल तर आलेल्या प्रत्येक मेलची टिंगसुद्धा प्रसारित होते हे लक्षात असू द्या. ओपस वाचनाला फार सुंदर आहे, कमी बिटरेटला एमपी३च्या कितीतरी पुढे, पण जुन्या फोनना आणि काही ब्राउझरना पचत नाही, म्हणून मी निमूट एमपी३वर आहे.

आइसकास्टच्या अ‍ॅक्सेस लॉगबद्दल सांगायचं राहिलं. श्रोता निघून गेला की आइसकास्ट एक ओळ लिहितो: पत्ता, वेळ, कुठल्या प्लेअरनं ऐकलं, आणि अगदी शेवटी एक आकडा, किती सेकंद थांबला. नावं नसतात. पहिल्या रात्रीचं लॉग मी बऱ्याच दिवसांनी उघडलं, शांतता किती जणांनी किती वेळ सोसली ते बघायला. ९ सेकंद. १४ सेकंद. ४१ सेकंद. बरोबरच आहे, आवाज नसलेला रेडिओ कोण ऐकत बसेल? आणि खाली एक ओळ, व्हीएलसीवरून, १,५९४ सेकंद. व्हीएलसी मी फक्त एकाच लॅपटॉपवर स्वतः जाऊन टाकून दिलं होतं, आत्याच्या.

आता शनिवारी शेवटचं वाक्य संपलं की मी लगेच बट बंद करत नाही. बंद केलं की काही प्लेअर हातातला साठा टाकून तिथल्या तिथे थांबतात आणि शेवटचे शब्द तुटतात. हेही आत्यानंच सांगितलं. त्यामुळे वाचून झालं की माइक तसाच चालू ठेवते आणि बोटांवर दहा मोजते. त्या दहा सेकंदांचे १६० किलोबाइट होतात.